धुतलेली माती

११ एप्रिल, शुक्रवार

वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलंय: चहा एक, बिनसाखरेचा. भाकरी दीड, मेथीची भाजी.

इथं मागच्या बाजूनं खरं लिहिते: चहा तीन. तिन्हीत गूळ.

वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रोज पोटात काय जातं ते लिहायचं आणि महिन्याला दाखवायचं. मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीत सुटली, मला लिहायला कुठं लावता? तर म्हणाल्या, "छायाताई, तुमची साखर तीनशेच्या वर आहे. सातवी पुष्कळ झाली." माझी पोरगी हर्षाली बरोबर होती, नाशकात इंदिरानगरला सासरी असते. तिनं लगेच पेन काढून हातात दिलं. लिहायला बसले तर एक बरं वाटलं. कागद मधेच बोलत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

वीटभट्टीवाला खंडेराव आला होता. वरच्या तुकड्याची माती मागतोय.

वरचा तुकडा म्हणजे सहा गुंठे. आमच्या मळ्यातली सगळ्यात काळी जमीन, आणि माझी सगळ्यात जुनी दुश्मन. काळी माती भिजली की आत पाय टाकायचा नाही. टाकला तर किलोकिलोनं चिकटते, चप्पल आतच राहते. ओल उतरून माती हातात मोकळी होईपर्यंत थांबायचं, त्याला वाफसा म्हणतात. माझं अर्धं आयुष्य वाफशाची वाट बघण्यात गेलं. गेल्या साली दसऱ्याच्या तोंडावर पाऊस झाला, आठ दिवस वाफसा नाही. झेंडू झाडावर कुजला आणि मी बांधावर उभी. ह्यांना म्हटलं होतं, ही जमीन नाही, ही सासू आहे. धरलं की सोडत नाही.

खंडेराव म्हणाला, "वैनी, काळी मला द्या, डंपर रिकामा येणार नाही. पेठ रोडला एक डोंगर कापू राहिले बंगल्यांसाठी. तिथली लाल माती आणून टाकतो. पाऊस थांबला की तासाभरात आत जा. चप्पल सुद्धा भरायची नाही."

तासाभरात!

ह्यांना विचारलं. म्हणाले, "बघ बुवा." लग्नाला तीस वर्षं झाली, ह्या माणसानं दोनच शब्द पुरवून पुरवून वापरलेत.

"आत्याबाईंना विचारू का?"

"बघ बुवा."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडाबाई. होळीपासून नणंदेकडे सटाण्याला आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. दसऱ्याला येणार. विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून विचारलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

खंडेरावाच्या डंपरमधे बसून डोंगर बघून आले. खरवसाची वडी कापावी तसा कापलाय. वर झाडी अशी की ऊन खाली उतरत नाही, जांभूळ, आंबा, वेली मनगटाएवढ्या. झाडाखाली बोटभर काळं, पालापाचोळा कुजलेलं. त्याच्या खाली दोन पुरुष खोल लाल माती, कुंकवाच्या करंड्यासारखी. मग पिवळट पट्टा, त्यात गोल गोल दगड. एक उचलला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले, आणि पापुद्रा बोटात चुरला तर त्याची मातीच झाली. नवलच वाटलं. सगळ्यात खाली कातळ, आपल्या विहिरीत लागतो तोच, काळा.

मशीनवाला वरचं बोटभर काळं बाजूला ढकलत होता. म्हणाला, "त्यात मुळ्या असतात, ते देत नाही. तुम्हाला आतली स्वच्छ माती देतो." मी म्हटलं, हां, स्वच्छच द्या.

ज्या मातीनं एवढं जंगल पोसलं तिला माझा झेंडू काय जड?

येताना टपरीवर भजी खाल्ली. पुढच्या बाजूला काकडी लिहिली.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन दिवसांत झालं. पंधरा खेपा, जाताना काळी, येताना लाल. वीतभर माती काढली तर खाली मुरूम लागला, पांढरट, दात काढल्यासारखा. मला वाटलं होतं खाली अजून काळीच असेल. मशीनवाला म्हणाला, "वैनी, तुमची माती वरवरचीच होती." त्याला म्हटलं, तू काम कर.

काळ्या मातीतून काय काय निघालं. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे आणि लाल. कोळसे. एक पितळी चमचा, देठाला वाकडा. शेतात चमचा कुठून आला? घासून फडताळात ठेवला.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया. पुरणपोळी एक. (तीन.)

आत्याबाईंचा फोन आला. डोळ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "डोळ्याचं राहू दे. माझी माती कशी हाय?"

माणसांचं विचारत नाहीत. मातीचं विचारतात. मी म्हटलं, "आहे तशीच."

"पाणी भरू नको लय. आणि ऊन खाऊ दे तिला."

"हो."

फोन ठेवला आणि उगाच दोनदा अंगण झाडलं.

७ मे, बुधवार

लाल माती सपाट करायला नवसाबाई आली होती. ती पेठच्या पुढच्या पाड्यावरची, द्राक्षांच्या कामाला उन्हाळाभर इकडं असते. फावडं घातलं आणि हसायलाच लागली.

"बाय, ही तर आमचे डोंगराची. ही कशाला आणली?"

"का? काय वाईट आहे?"

"धुयेल माती हाय ही. आमी हिच्यात नागली, तुमची नाचणी, टाकायच्या आधी दरसाल राब घालतो. पाला, फांद्या, शेण आंथरायचं नि जाळायचं, त्या राखंत रोप येतं. नायतर नाय येत."

"मग तिथं एवढं जंगल कसं उभं आहे?"

"जंगल मातीवर नाय उभं, बाय. पाल्यावर उभं हाय. पाला पडतो, कुजतो, झाड त्योच परत खातं. तुमी पाला तिथंच सोडला नि खालचा भुगा आणला."

मी म्हटलं, "नवसाबाई, बोलण्याची मजुरी नाही मिळायची." कामाला लागली. पण फावडं मारताना हसत होती ते मला पाठीवरून कळत होतं.

२१ मे, बुधवार

अवकाळी पाऊस, दोन तास. थांबल्यावर घड्याळ लावून थांबले. पाऊण तासात वरच्या तुकड्यात गेले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि चप्पल कोरडी! शेजारचे सावळीराम भाऊजी त्यांच्या काळ्या रानाच्या बांधावर उभे राहून बघत होते. त्यांना चप्पल उचलून दाखवली. हे गोठ्यातून बघत होते. म्हटलं, "बघ बुवा!" तर हसलेही नाहीत.

लाल पाणी मात्र खालच्या चरात पळून गेलं. जाऊ दे. पाणी साचत नाही म्हणूनच तर आणली.

९ जून, सोमवार

फूलबाजारात आज मोगऱ्याला कोणी विचारेना. उभी राहून राहून पाय भरले. निम्मी फुलं तशीच परत आणली. उकिरड्यापर्यंत जायची शुद्ध नव्हती, वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यात उंबराखाली पाटी उलटी केली आणि घरी आले. ह्यांनी गोठ्याजवळच्या उकिरड्याकडं बोट दाखवलं. म्हटलं, मग तुम्ही न्या.

२७ जून, शुक्रवार

आज कोबीचा पाला, सडकी शेवंती आणि गोठ्यातलं दोन पाट्या शेण, सगळं उंबराच्या कोपऱ्यात फेकलं. रोजचंच झालंय. सावळीराम भाऊजी म्हणाले, "वहिनी, शेताच्या तोंडावर घाण बरी दिसत नाही." म्हटलं, तुम्ही तोंड फिरवा.

आत्याबाईंचा एक डोळा झाला. दुसरा पुढच्या महिन्यात. फोनवर परत मातीच.

१६ जुलै, बुधवार

वरच्या तुकड्यात झेंडूची रोपं लावली. रात्रभर पाऊस होऊन सकाळी लावली! सगळ्या गावात माझीच लावण पहिली, बाकीचे बसलेत वाफशाची वाट बघत. कोपऱ्यातला कचरा पायानं सारला आणि तिथंही चार ओळी लावल्या, जागा कशाला सोडायची.

आज आनंदात चहा किती झाले ते मोजले नाहीत.

२ ऑगस्ट, शनिवार

रोपं अंग धरत नाहीत. लावली होती तेवढीच आहेत. पानं पिवळी, खालून जांभळी. सावळीराम भाऊजींची रोपं माझ्यानंतर पाच दिवसांनी लावलेली, तरी माझ्या दुप्पट झाली. भाऊजी नुसती चप्पल उचलून दाखवतात.

काल एक गोण खत टाकलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

खत टाकलं त्या रात्री पाऊस. आज परत पिवळंच. दुसरी गोण टाकली, परत पाऊस. ही माती काही धरूनच ठेवत नाही. चाळणीत पीठ मळल्यासारखं झालंय. चरातलं गवत मात्र माजलंय नुसतं, माझं खत खाऊन.

माती तपासायला दिली. हे सोबत आले नाहीत. बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि म्हणाले, "आईला काय सांगणार?"

तीस वर्षांत पहिल्यांदा वेगळे शब्द. मला धसकाच बसला.

१३ ऑगस्ट, बुधवार

माती तपासणीच्या हापिसात गेले. साहेब तरुण, शांत, मला असली शांत माणसं चालत नाहीत. पण सांगितलं नीट. कागदावरचे आकडे मला कळले नाहीत, बाकी सगळं कळलं, आणि कळायला नको होतं.

म्हणाले, "मावशी, दगड एकच आहे. तुमच्या काळ्या रानाखाली जो, तोच त्या डोंगराखाली. फरक पावसाचा."

"पावसानं माती बदलते?"

"पाऊस आणि उष्णता मिळून दगड कुजवतात."

दगड कुजतो. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. मग मला तो कांद्याच्या पापुद्र्यांचा दगड आठवला. म्हणाले, हां, तेच. वरून पापुद्रा पापुद्रा सुटत दगडाची माती होते. इकडं पाऊस कमी, म्हणून दगडातला चुना, पोटॅश, झाडाच्या पोटाचं सगळं मातीतच राहतं, आणि ती चिकण काळी माती ते पकडून ठेवते. तिकडं डोंगरावर चार महिने धो धो. हजारो वर्षं पाणी झिरपतंय आणि पौष्टिक ते सगळं खाली वाहून नेतंय. शेवटी काय उरतं? जे पाण्यात विरघळत नाही ते. लोखंड. आणि ते गंजतं, म्हणून लाल.

म्हणजे कुंकू नव्हे. गंज.

मी म्हटलं, "चहाच्या एकाच पत्तीत दहादा पाणी ओतल्यासारखं."

"अगदी तसं. आणि जिथं बारा महिने पाऊस, झाडं आभाळाला लागलेली, तसल्या जंगलांत सुद्धा पुष्कळ ठिकाणी खाली हीच गत. सगळा जीव वरच्या पाल्यात. तो काढला की जंगल परत उभं राहत नाही."

नवसाबाई हेच म्हणाली होती. फुकट. आणि मी तिला मजुरीची भाषा केली.

विचारलं, "मग ती काळी माती चिकटायची ते..."

"धरून ठेवायची म्हणूनच चिकटायची, मावशी."

हापिसाबाहेर उसाचा रस प्यायले. पुढच्या बाजूला काहीच लिहिलं नाही आज.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नवसाबाईला फोन लावला. ती तिच्या शेतात भातात होती, तिकडं पावसाचा आवाज. म्हटलं, राब कधी घालायचा ते सांग.

"आता? आता पाऊस पडू राहिला, बाय! राब उन्हाळ्यात. आता काय जाळशील, छत्री?"

आणि हसली. मी चिडले नाही. चिडायला पण तोंड लागतं.

२० ऑगस्ट, बुधवार

भट्टीवर गेले. खंडेरावाला म्हटलं, माझी माती परत दे, दुप्पट खेपा लाव, काही कर. ढीग तरी असेल म्हणून गेले होते.

त्यानं ताडपत्री उचलली. "ही काय वैनी, तुमची माती."

विटा. मेमधेच भाजून निघाल्या. निम्म्या नाशिक रोडला कुठल्या सोसायटीच्या भिंतीत गेल्या, निम्म्या इथं रचलेल्या. लाल. माझी काळी माती, आगीतून निघाली तर ती पण लाल! मी एक उचलली आणि छातीशी धरून उभी राहिले. काय करायचं ते सुचेना. खंडेराव म्हणाला, "ठेवा, ठेवा. एका विटेचं काय एवढं."

आणली. घरात नेली नाही. वरच्या बांधावर ठेवलीये.

८ सप्टेंबर, सोमवार

गंमत आहे. सगळ्या तुकड्यात झाडं वीतभर आणि एकेक वाटाण्याएवढी कळी. उंबराखालच्या कोपऱ्यातल्या चार ओळी मात्र कमरेला लागल्या, हिरव्यागार, फुटवे फुटलेत. उंबराची सावली मानवली असणार. किंवा तिथं आधी म्हसोबाचा दगड होता त्याची कृपा. ह्यांना म्हटलं, म्हसोबाला नारळ फोडा. हे माझ्याकडं बघत राहिले, मग कोपऱ्याकडं, मग परत माझ्याकडं. म्हटलं, काय? म्हणाले, "काही नाही." आणि जाऊन नारळ आणला.

आजच्या उरलेल्या फुलांची पाटी पण तिकडंच उलटली. माझ्या हाताला तीच वाट पडलीये.

२१ सप्टेंबर, रविवार

आत्याबाई आल्या. नणंदेचा मुलगा जीपनं सोडून गेला. काळा चष्मा, दोन्ही डोळे नवे. ओट्यावर बसून भिंतीवरच्या पाली सुद्धा मोजल्या. "छाये, तू लय पांढरी झाली गं. मला आधी दिसत नव्हतं तेच बरं व्हतं."

मग लगेच, "चल, वरचा तुकडा दाखव."

म्हटलं, "चिखल आहे. घसराल. दोन दिवस थांबा, वाफसा होऊ द्या."

माझ्या तोंडून वाफसा! ह्यांना गोठ्यात ठसका लागला.

"बरं," म्हणाल्या. "मातीला घाई करू नये."

जेवण गेलं नाही. पुढच्या बाजूला लिहिलं ते आज खरंच आहे: काही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. माझ्यावर उपकार झाले. आत्याबाई ओट्यावरच. मी घरातून मळ्यात, मळ्यातून घरात. म्हणाल्या, "छाये, बस की गं घडीभर. तुझ्या पायाला भिंगरी कुणी बांधली?" बसले. दोन मिनिटांत उठले.

आज सांगून टाकीन असं सकाळपासून सात वेळा ठरवलं. ओट्याशी जाते आणि विचारते, चहा करू का? सात चहा झाले त्यांचे. म्हणाल्या, "मला मारू राहिली का चहा पाजून?"

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. विळे, खुरपी, फवारणीचा पंप पुजायला फुलं हवीत. कोपऱ्यातल्या चार ओळींना टपोरी फुलं आलीत, तीच तोडायला गेले. घाईत एकेक फूल कोण खुडतं, चार झाडं मुळासकट उपटली आणि आणून ओट्यावर टाकली.

"वरच्या तुकड्यातली का?"

"हो."

आत्याबाईंनी झाड हातात घेतलं. फुलं बघितली नाहीत. मुळं बघितली. बोटानं झटकली तर लाल कण भुरभुर खाली पडले.

"छाये, आपल्या वरच्या तुकड्यातलं झाड उपटलं की ढेकूळ संगं येतं. मनगट दुखतं. हे तर आंघोळ करून आलंय." मग माझ्या पायांकडं बघितलं. "आणि तुझ्या टाचा लाल."

मी पाय मागं घेतले. हे उठून गोठ्याकडं निघाले. त्यांना घरच्या नावानं म्हणाल्या, "बहिऱ्या, बस खाली." हे बसले. मला म्हणाल्या, "काठी दे."

वर गेलो दोघीच. बांधावर पोचल्यावर त्यांना धाप लागली. म्हणाल्या, बसायला दे काहीतरी. तिथं ती एक वीटच होती. मी ती आडवी करून दिली. बसल्या. चष्मा काढून सहा गुंठे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडण्याची सवय आहे.

"कुठं गेली?"

म्हटलं, "तुम्ही बसलात ना, ती."

उठल्या नाहीत. नुसता विटेवरून हात फिरवला. म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"सगळी?"

"पंधरा डंपर."

"किती दिवस लागले?"

"तीन."

"बहिऱ्या काय म्हणला?"

"बघ बुवा म्हणाले."

"बापावर गेलाय." काठीनं लाल माती उकरली. मग म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तव्हा इथं मुरूमच व्हता. कुसळ उगवायचं नाय. तुझा सासरा म्हणायचा, सोड नाद. मी रोज दोन पाट्या आणायचे. तळ्यातला गाळ, उकिरडा, चुलीची राख. पोटुशी असताना पण. चाळीस वर्षं. तुला काय वाटलं, देवानं दिली व्हती?"

मला तसंच वाटलं होतं. त्यांना पाट्या नेताना मी पण बघितलं होतं, म्हातारीची खोड वाटायची. तीस वर्षं त्या मातीला शिव्या दिल्या, ती कुणी केली असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

म्हटलं, "मातीत एक चमचा सापडला. पितळी."

"देठाला वाकडा?"

"हो."

"उकिरड्यातून गेला व्हता. त्याच्यापायी सासूनं मला दोन दिवस उपाशी ठेवलं." आणि हसल्या. "कुठाय?"

"फडताळात. घासून ठेवलाय."

"माझा हाय तो. दे मला."

मग मला रडायला आलं. मी रडत नाही, मला नाक पुसत बसायला वेळ नसतो. आत्याबाईंनी लक्षच दिलं नाही, काठीनं उंबराचा कोपरा दाखवला.

"तिथं काय घातलं?"

"काही नाही. तिथं म्हसोबा..."

"म्हसोबा झेंडू लावतो का? काय टाकलं तिथं?"

"कचरा. उरलेली फुलं, पाला, शेण. जूनपासून रोज."

"का?"

"उकिरड्यापर्यंत जायचा कंटाळा. आणि राग."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मंग राग असू दे," म्हणाल्या. "रोज ये, रोज फेक. पण सगळीकडं फेक. एकाच कोपऱ्यावर मेहेरबानी नको."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. काल दारोदार झेंडूची तोरणं लागली, आज ती वाळून कचऱ्यात जाणार. हे मला पहाटे दात घासताना सुचलं आणि चूळ सुद्धा धड भरली नाही. ह्यांना म्हटलं, टेम्पो काढा. हे म्हणणार होते, मी म्हटलं, बघू नका, काढा.

इंदिरानगरात हर्षालीच्या सोसायटीपासून सुरुवात केली. हर्षाली खिडकीतून म्हणते, "आई, प्लीज, माझ्या सासूबाई घरी आहेत." म्हटलं, त्यांना पण खाली बोलव, त्यांचंही तोरण हवंय. आल्या की! स्वतःचं तोरण घेऊन आल्या आणि वर तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. एका वॉचमननं विचारलं, "मावशी, कुठल्या देवळाचं काम चाललंय?" म्हटलं, सासूचं.

दुपारपर्यंत टेम्पो भरला. झेंडू, आंब्याची पानं, आपट्याची पानं. पूजेच्या दोऱ्या तेवढ्या काढायला लागल्या, आत्याबाईंनी बसून एकेक सोडवली. मी कात्रीनं कापत होते तर म्हणाल्या, "दोरा राहतो मधे. सोडव." सोडवल्या. चार तास. एका जागी बसून. माझा मलाच विश्वास बसत नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार

काल रात्री शिडकावा झाला. सकाळी वरच्या तुकड्यात गेले. झेंडू आणि पाला पसरलाय, तुकडा पिवळा दिसतोय लांबून, जसं काही पीकच आलंय. सावळीराम भाऊजी म्हणाले, "वहिनी, दसरा संपल्यावर झेंडू आला का?" म्हटलं, हो, पुढच्या वर्षीचा. मे महिन्यात नवसाबाई आली की तिला राब घालायला लावणार आहे, मजुरी वेगळी आणि बोलण्याची वेगळी.

आत्याबाई विटेवर बसल्या होत्या. ती आता त्यांचीच जागा झालीये. चमचा कमरेला खोचलेला. विचारलं, "आत्याबाई, वीतभर माती व्हायला किती वर्षं लागतील?"

"मला चाळीस लागली. तू घाईची हाय." विचार केला त्यांनी. "तुला पस्तीस लागतील."

घरी येऊन बोटांवर मोजलं. मी एकोणपन्नास. अधिक पस्तीस. चौऱ्याऐंशी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असंच चालू ठेवलंत तर साठी बघायची नाही.

चहा एक, बिनसाखरेचा. भाकरी एक, घेवड्याची भाजी, काकडी. आज पुढच्या बाजूला पण हेच लिहिलंय.